आईची शुगर, तर्री-पोहे आणि 'न्यूट्रिशनल थेरपी': आहारानं उपचार होतो का?

वैदेही_प्रतापनगर · ८ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आईसाठी सल्ला हवा आहे.

आई ६३ वर्षांची, टाइप २ मधुमेह, बरीच वर्षं मेटफॉर्मिन सुरू आहे, अलीकडे त्यात ग्लिमेपिराइडची भर पडली. परवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ आलं आणि हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवण्याआधी तीन महिने आहार नीट करून बघू. आहार नीट म्हणजे काय, हे सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. बाहेर पेशंटची रांग होती.

ओळखीतल्या एकीनं 'न्यूट्रिशनल थेरपी' देणाऱ्या एका केंद्राचा पत्ता दिला. तिथे तीन महिन्यांचं पॅकेज आहे. सकाळी नाश्त्याऐवजी पावडरचा शेक, दुपारी किनोआ, रात्री ओट्स आणि सप्लिमेंटचे चार डबे. सहा आठवड्यांत गोळ्या सुटतील म्हणतात. आईनं तो कागद वाचला आणि विचारलं, "यातली एक तरी वस्तू गोकुळपेठ बाजारात भाजीवालीकडे मिळते का?"

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आहारानं उपचार याला खरोखर काही आधार आहे का? नागपुरात विचारायचं कुणाला? आणि आपल्या घरात जे शिजतं त्यातच हे बसवता येतं का? आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही.


नितीन_ऑरेंजसिटी · रात्री ९:५८

रिपोर्ट न बघता 'गोळ्या सुटतील' म्हणत असतील तर पैसे भरू नका. बाकी जाणकार येतीलच.


गजाभाऊ_महाल · रात्री १०:१५

ताई, तुमच्या आईचे तर्री-पोहे बंद करू नका बाप्पा! मी सोता शुगरवाला हाय. पयले मलेबी एकानं कागद लिहून देला होता, त्यात पोह्यावर लाल फुली. मी म्हटलं, नागपुरात राहून तर्री नाही खायची तं मंग रायचं काहून?

मंग मी मशीन घेतली बोटाले टोचाची. पोहे खाल्ले का दोन घंट्यानं शुगर पाहाची. पूर्ण प्लेट खाल्ली का आकडा वर. मंग ठेलेवाल्याले सांगतलं, भाऊ, पोहे अर्धेच टाक, चना डबल टाक, वरची लाल तर्री डावानं बाजूले कर अन् खालचा रस्सा दे. वरून कांदा, टमाटर, सांबार (म्हंजे कोथिंबीर), लिंबू. दोन घंट्यानं पायलं तं आकडा आटोक्यात. आता रोज नाही, रविवारी खातो. पण खातो.


कढीगोळा · रात्री १०:२१

तर्री बाजूला काढल्यावर त्याला तर्री-पोहे म्हणायचं की नाही, यावर वेगळा धागा काढावा लागेल. त्या धाग्यावर रक्तपात होईल.


गजाभाऊ_महाल · रात्री १०:२४

रस्सा हाय ना भाऊ. रस्स्यातच जीव हाय.


रानभाजी · रात्री ११:०५

वैदेही, मी आहारतज्ज्ञ आहे, नागपुरातच एका रुग्णालयात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधार आहे, आणि भक्कम आहे. मात्र आहारोपचार म्हटलं की एकच तक्ता सगळ्यांना, असं नसतं. टाइप २ मधुमेहात कर्बोदकं आणि वजन बघायचं, उच्च रक्तदाबात मीठ, सिलिॲक (गहू न सोसणारा आतड्याचा आजार) असेल तर गहू आयुष्यभर बंद, किडनीच्या आजारात पोटॅशियमवर नजर. एका पेशंटला जे वाढायचं तेच दुसऱ्याच्या ताटातून काढायचं असतं. त्यामुळे आजार कोणता, रिपोर्ट काय, गोळ्या कुठल्या, घरात स्वयंपाक कोण करतं, हे विचारल्याशिवाय जो कागद मिळतो त्याला मी आहारोपचार म्हणणार नाही.

म्हणूनच तुझ्या पोस्टमध्ये मला किनोआ फारसा खटकला नाही, ग्लिमेपिराइड खटकली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. माणूस जेवला आहे की नाही हे तिला कळत नाही. नाश्ता काढून तिथे पातळ शेक दिला आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं आईला आणि घरातल्या सगळ्यांना पाठ असू देत. तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. त्या केंद्रात आईच्या गोळ्यांची नावं विचारली होती का?

आता हिमोग्लोबिन. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की बी१२ चं शोषण घटतं. त्यात आई शाकाहारी. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ दोन्ही तपासून घे, अंदाजानं टॉनिक सुरू करू नकोस. शिवाय लोह कमी असलं की एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा थोडं जास्त येऊ शकतं, म्हणून त्या ८.४ कडेही घरच्या मशीनवरचे आकडे शेजारी ठेवून बघावं लागेल.

ओट्स वाईट नाहीत. त्यातल्या बीटा-ग्लुकॅन नावाच्या तंतूमुळे कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. पण ज्या घरात ज्वारी येते, हरभरा येतो, जवसाची चटणी होते, तिथे ओट्सवाचून काही अडत नाही. भाकरीविषयी एकच सांगते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. 'ज्वारी शुगरला चांगली' म्हणून तीन जाड भाकऱ्या खाल्ल्या तर आकडा चढणारच. आई भाकरी थापायला घेईल तेव्हा पिठाचा गोळा एकदा वजनकाट्यावर ठेवून बघ. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांना वाटतं त्यापेक्षा तो गोळा बराच जड निघतो.


अंबाझरीकर · ९ डिसेंबर, सकाळी ७:१०

मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. रोज सकाळी अंबाझरीला फेरी, मग दुधी आणि कारल्याचा ताजा रस. शुगर काबूत, वजन कमी. निसर्गात सगळं आहे. आपले आजी-आजोबा कुठे गेले होते एचबीए१सी करायला?


रानभाजी · सकाळी ८:३०

@अंबाझरीकर काका, तुमची रोजची फेरी हा मधुमेहावरचा उत्तम उपचार आहे आणि त्याचं श्रेय तुम्ही रसाला देता आहात असं मला वाटतं. दुधीबद्दल मात्र सगळ्यांसाठी लिहिते. दुधीत कधीकधी कुकरबिटासिन नावाची विषारी कडू द्रव्यं तयार होतात. कडू दुधीचा रस प्यायल्यानं लोक गंभीर आजारी पडले आहेत, मृत्यूही झाले आहेत. यावर आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि कडू लागलेला रस अजिबात पिऊ नये असं तिनं सांगितलं. दुधी चिरताना एक तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा फेकून द्या. आणि कारल्याच्या रसात दुधी मिसळलीत तर कडवटपणा कुणाचा हे कळणार कसं?


अंबाझरीकर · सकाळी ८:५२

चाखून बघायचं मान्य, ते पटलं. पण रस सोडणार नाही. आणि आजी-आजोबांचा मुद्दा तसाच राहिला.


सुलभामावशी · सकाळी ९:४५

अंबाझरीकर, माझी आजी गरोदर बायकांना सुंठ-अळिवाचे लाडू करून घालायची, आणि तिच्याच दोन जावा बाळंतपणात गेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वैदेही, आई मार्गशीर्षातले गुरुवार करते का? आमच्याकडे मी, नणंद, सून, सगळ्यांचे असतात. नणंदेला शुगर आहे. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी पूजा झाली की साबुदाण्याची मोठी वाटी, वर साखरेचं दही. वर गोळी सकाळीच घेतलेली. या वर्षी तिच्या डॉक्टरांनी गुरुवारच्या गोळीची वेळ आणि मात्रा आधीच लिहून दिली. दिवसा ताक आणि मूठभर फल्लीदाणे, संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी, तीही मोजून. देवीला कमी पडलं असं कुणालाही वाटलं नाही.


वैदेही_प्रतापनगर · सकाळी १०:२०

मावशी, करते. परवाच गुरुवार आहे! आणि @रानभाजीताई, केंद्रात गोळ्यांची नावं विचारली नव्हती. वजन केलं आणि पॅकेजचा दर सांगितला. डॉक्टरांना आत्ताच फोन लावते.


लेस्टरची_वैदर्भी · दुपारी ४:०५

मी मूळची धंतोलीची, आता इंग्लंडात. इकडची माहिती देते, कारण 'आहारानं गोळ्या सुटतात' या वाक्याचा उगम बऱ्याचदा इकडच्या एका अभ्यासात असतो. डायरेक्ट नावाची चाचणी न्यूकॅसल आणि ग्लासगोच्या संशोधकांनी केली. टाइप २ च्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५३ कॅलरी, त्याही सूप आणि शेकच्या रूपात, मग हळूहळू नेहमीचं अन्न. वर्षअखेरीस ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होते. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्के झाला.

आता त्यातलं जे जाहिरातीत येत नाही ते. निदान होऊन सहा वर्षांच्या आतलेच लोक घेतले होते. इन्सुलिनवरचे नव्हते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या, म्हणजे साखर खाली जाण्याचा धोका आधीच काढून टाकला. सारखी तपासणी होती. जास्त वजन उतरलं त्यांनाच जास्त फायदा. वैदेहीच्या आईला मधुमेह होऊन बराच काळ लोटला आहे आणि ग्लिमेपिराइड सुरू आहे. तिच्या हातात नुसता शेक देणं ही वेगळीच गोष्ट झाली.

आणखी एक. इकडे 'डाएटिशियन' ही पदवी कायद्यानं संरक्षित आहे, सरकारी नोंदणी असल्याशिवाय लावता येत नाही. 'न्यूट्रिशनल थेरपिस्ट' मात्र कुणीही म्हणवून घेऊ शकतो. तिकडे काय परिस्थिती आहे?


रानभाजी · संध्याकाळी ६:४०

इथेही पाटी कुणीही लावतो, 'हेल्थ कोच', 'न्यूट्रिशन एक्सपर्ट', काहीही. २०२१ मध्ये नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला आणि त्यात आहारतज्ज्ञांचा समावेश झाला, ही मोठी गोष्ट आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन 'रजिस्टर्ड डाएटिशियन' होता येतं, तर नावापुढे आरडी आहे का ते विचारा. शिक्षण विचारायला लाजू नका. गृहविज्ञानात अन्न आणि पोषण घेऊन पदव्युत्तर शिकलेल्या मुली नागपुरात आहेत, एलएडी कॉलेजसारख्या ठिकाणी हा विषय वर्षानुवर्षं शिकवला जातो. आणि सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे, जो सल्ला देतो तोच डबे विकत असेल तर उठून या.

मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांत जात असाल तर ओपीडीतल्या डॉक्टरांना आहारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यायला सांगा. लोक मागतच नाहीत.


ओवीची_आई · रात्री ११:३०

हा धागा दोन दिवस वाचते आहे. आमची गोष्ट मधुमेहाची नाही, पण 'आहारानं उपचार होतो का' या प्रश्नाला मला उत्तर द्यायचंच आहे.

माझ्या मुलीला एपिलेप्सी आहे. तीन औषधं झाली, झटके थांबेनात. मग न्यूरॉलॉजिस्टनी कीटोजेनिक आहार सुचवला. ही कल्पना नवीन नाही, १९२१ पासून अमेरिकेत मुलांना झटक्यांसाठी हा आहार देतात. इन्स्टाग्रामवरचं कीटो आणि हे यांचा काही संबंध नाही. चार भाग स्निग्ध आणि एक भाग प्रथिनं-कर्बोदकं मिळून, असं ४:१ चं गणित, प्रत्येक जेवणाला. माझ्या ओट्यावर वजनकाटा कायमचा मांडलेला असतो. तूप वाटीला चिकटून राहतं म्हणून सिलिकॉनच्या चमच्यानं निपटून तिच्या तोंडात घालायचं, कारण ते राहिलेलं तूपही हिशेबात धरलेलं असतं. पनीर, नारळाचं दूध, लोणी, थोडी पालक. पोळी नाही, भात नाही, फळ जवळजवळ नाही. सर्दी झाली तरी सिरप देता येत नाही, त्यात साखर असते, गोळी मागून घ्यायची. टूथपेस्टसुद्धा विचारून आणली.

सुरू करताना चार दिवस दवाखान्यात दाखल होतो. रक्त, लघवी, किडनीची सोनोग्राफी, सगळं ठरावीक काळानं होतं. व्हिटॅमिन आणि कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं. आणि झटके खूप कमी झाले. रोज असायचे, आता कित्येक दिवस येत नाहीत. ती शाळेत जाते. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की मी बदामाच्या पिठाचा छोटा केक डब्यात देते, तिच्या बाईंना ते माहीत आहे.

म्हणून मला कुणी 'अन्नानं काय होतं' म्हटलं की राग येतो, आणि कुणी 'कीटो करा, सगळं बरं होतं' म्हटलं की त्याहून जास्त येतो.


कढीगोळा · रात्री ११:४८

ओवीची आई, ओवीला खूप खूप शुभेच्छा. आणि तुम्हालाही.


मास्तर_इंदोरा · १० डिसेंबर, सकाळी ६:५५

वरचा प्रतिसाद वाचून झोपच उडाली. मी उत्तर नागपुरात शाळेत शिकवतो. वस्तीत टीबीचे रुग्ण असतात, बरेचसे हातावर पोट असलेले. आहार हा उपचार असतो हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. औषध फुकट मिळतं, पण रिकाम्या पोटी ते सोसत नाही, मळमळतं आणि माणूस गोळ्या टाकून देतो.

झारखंडमध्ये रेशन्स नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकांत आला. टीबीच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य, डाळ, दूध पावडर, तेल दिलं. घरच्यांमध्ये नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, फुप्फुसाच्या संसर्गजन्य टीबीत तर ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. डाळ-तांदळानं! लस नाही, नवीन औषध नाही.

सरकारच्या नि-क्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पर्यंत ५०० होते. ओळखीत कुणी रुग्ण असेल तर त्याचं बँक खातं नोंदवलं आहे का, एवढं विचारा. आम्ही काही शिक्षक मिळून फल्ली-गुळाचे लाडू आणि अंडी पोहोचवतो. किनोआवरची चर्चा वाचताना मला वाटत होतं, पोषणाचा उपचार ज्याला सर्वांत जास्त लागतो तो या धाग्यावर येणारच नाही.


पाचपावलीकर · सकाळी ८:१५

मास्तर, सलाम.

आमच्या भाचीला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. विदर्भात हा आजार घराघरात आहे, तरी लोकांना वाटतं 'रक्त कमी' म्हणजे लोहाच्या गोळ्या, बीट आणि गूळ. येणारा प्रत्येक पाहुणा टॉनिकची बाटली घेऊन येतो. तिच्यात रक्तपेशी लवकर तुटतात म्हणून रक्त कमी, त्यात लोह शरीराबाहेर जात नाही. वरचेवर रक्त चढवलेल्यांमध्ये तर लोह साठून यकृताला आणि हृदयाला त्रास होतो. तिला डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड दिलं आहे, लोह नाही. लोह द्यायचं तर आधी फेरिटिन बघून.

आणि पाणी! तिचा खरा आहारोपचार पाणी आहे. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि दुखणं उठतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. शाळेत बाईंना लेखी दिलं आहे की तिला वर्गात बाटली जवळ ठेवू द्या आणि लघवीला जायला अडवू नका. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. लग्नाआधी करून घ्या रे पोरांनो.


भंडारावासी · सकाळी ९:०५

अन्नानं बरं होतं, तसं अन्नानं माणूस अधूही होतो. आमच्या पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत लाखोळी (लाखेची डाळ) पेरतात. दुष्काळाच्या सालात ज्यांना महिनोन् महिने दुसरं काही मिळालं नाही, फक्त लाखोळीच खाल्ली, त्यांच्या पायांतलं बळ गेलं. लॅथिरिझम म्हणतात त्याला. डाळीतल्या ओडॅप नावाच्या द्रव्यामुळे होतं. १९६१ मध्ये अन्नभेसळीच्या नियमांत तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे ओडॅप कमी असलेली रतन, प्रतीक अशी वाणं निघाली. भिजवून ते पाणी फेकून दिलं तरी बरंच कमी होतं. आम्ही अजूनही लाखोळीची भाजी खातो, इतर चार गोष्टींबरोबर, म्हणून काही होत नाही. एकाच वस्तूवर महिनोन् महिने जगायला सांगणारा कुठलाही तक्ता दिसला की मला लाखोळी आठवते.


कढीगोळा · सकाळी ९:२०

लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, लसणाची फोडणी... धागा आरोग्याचा आहे आणि मला सकाळी सकाळी भूक लागते आहे.


नितीन_ऑरेंजसिटी · सकाळी ९:३१

संत्र्यांचं काय मग? आंबिया बहार अजून बाजारात आहे. शुगरवाल्यांनी खायची की नाही?


रानभाजी · दुपारी २:१०

एक संत्रं सोलून, चोथ्यासकट, मधल्या वेळी. खा की. रस काढू नका. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, तंतू गाळणीत राहतात आणि साखर सरळ रक्तात.

@वैदेही, संत्र्याचा तुझ्या आईला दुसराही उपयोग आहे. भाजीपाल्यातलं लोह शरीरात सहज शिरत नाही, क जीवनसत्त्व बरोबर असलं की जास्त शोषलं जातं. म्हणून चन्यावर लिंबू पिळायचं. चहा जेवणाला चिकटून नको, तास-दीड तास मध्ये जाऊ दे, चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. गुळावर फार भिस्त नको, त्यानं शुगर वाढेल आणि लोह किरकोळ मिळेल. घरात लोखंडी कढई असेल तर ती बाहेर काढ. अंबाडीची भाजी त्यात शिजवली की आंबटपणामुळे कढईतलं लोह भाजीत उतरतं. भाजी काळपट होते, चवीला काही होत नाही, शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. पण फेरिटिन फार खाली असेल तर कढईनं भागणार नाही, गोळी लागेल.

प्रथिनं बघ. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. शिजलेल्या वरणाच्या वाटीत जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात. आईच्या जेवणात डाळ पातळ आणि भात भरपूर असेल, तर तिथूनच सुरुवात कर.


अंबाझरीकर · दुपारी ३:००

संत्र्याचा रस बंद, दुधीचा रस बंद. रानभाजीबाई, ग्लास फोडून टाकू का?


रानभाजी · दुपारी ३:०४

काका, ताक प्या त्यात. मीठ बेतानं.


सुलभामावशी · दुपारी ३:४०

सध्या सोल्यांचे दिवस आहेत, पोपटाच्या शेंगाही आल्यात. वांग्यात तुरीचे सोले घालून भाजी कर गं, वैदेही. तेल नेहमीच्या निम्मं. सोले जास्त, आलू नाही. त्याबरोबर एकच भाकरी पुरते.


वैदेही_प्रतापनगर · १६ डिसेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. एवढ्या आपुलकीनं लिहाल असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी फोनवरच गुरुवारची गोळी बदलून दिली आणि आहारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तपासणीत बी१२ खूप कमी निघालं, फेरिटिनही कमी. बी१२ ची इंजेक्शनं सुरू केलीत आणि लोहाची गोळी. फेरिटिन का कमी झालं तेही बघायला हवं म्हणाले, या वयात पोटातून सूक्ष्म रक्तस्राव होत नाही ना याची तपासणी सांगितली आहे. हे मला कुठल्याच केंद्रात कुणी सांगितलं नसतं.

आहारतज्ज्ञांनी आईला आधी स्वतःचं जेवण बोलून दाखवायला सांगितलं, सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत. तक्ता त्यातूनच केला. सकाळी मुगाचं धिरडं किंवा चना जास्त घातलेले पोहे. दुपारी एक भाकरी, घट्ट वरण, दोन वाट्या भाजी, भात अर्धी वाटी. रात्री भाकरीऐवजी कधी भगर, ताक. पिठाचा गोळा आईनं वजनकाट्यावर ठेवला, ८५ ग्रॅम भरला. आता ५० चा थापते आणि दोनदा सांगते की भाकरी पातळ छान जमते. जेवल्यावर वीस मिनिटं सोसायटीत चालते. दोन तासांनंतरचे आकडे वहीत लिहिते आहे, उतरताहेत. एचबीए१सी मार्चमध्ये.

पॅकेजचे पैसे वाचले त्यात चांगलं ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपा आल्या.


गजाभाऊ_महाल · रात्री ९:०२

वा ताई! आईले सांगजा, रविवारी महालात या, अर्धे पोहे डबल चना माह्याकडून.


मिहानवाला · रात्री ९:४५

हा धागा वाचून विचारतो. माझ्या वडिलांना शुगर आहेच, आता किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन २.१ आलं आहे. शेजारच्यांनी अशक्तपणासाठी प्रोटीन पावडर आणि रोज शहाळं सांगितलं. वरच्या सल्ल्याप्रमाणे डाळ वाढवू का? संत्री चालतील का?


रानभाजी · रात्री १०:१०

थांबा. वरचं बरंचसं वैदेहीच्या आईसाठी होतं, तुमच्या वडिलांना ते जसंच्या तसं लावू नका. किडनी मंदावली की पोटॅशियम रक्तात साचू शकतं, आणि शहाळ्यात आणि संत्र्यात ते भरपूर असतं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. प्रोटीन पावडर आजच बंद करा. डाळ स्वतःहून वाढवू नका आणि घाबरून एकदम बंदही करू नका. किती द्यायची हे वजन आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) बघून ठरतं. मिठाऐवजी 'लो सोडियम' मीठ आणलं असेल तर तेही ठेवून द्या, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. उद्या सकाळी पोटॅशियम, ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन तपासा आणि ते घेऊन नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीतज्ज्ञाकडे) जा. मेटफॉर्मिन सुरू असेल तर त्यांना आवर्जून सांगा, त्याची मात्रा किडनीप्रमाणे बदलावी लागते. रिपोर्ट आले की इथे लिहा, मी बघते.


मिहानवाला · रात्री १०:१६

शहाळं आत्ताच फ्रीजमधून काढलं. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचं का?


रानभाजी · रात्री १०:१८

या तपासण्यांना उपाशी राहायची गरज नाही. गोळ्या घेऊन, नाश्ता करून जाऊ देत.